स्पॉटिंग स्कोप निवडताना: जाहिरातीतले आकडे आणि हातातला नग

स्पॉटिंग स्कोप, म्हणजे लांबचे पक्षी बघायची ट्रायपॉडवरची एकनळी दुर्बीण, घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "किती पटीचा घेऊ?" आणि लगेच दुसरा, "कुठल्या कंपनीचा?" प्रश्न बरोबरच आहेत, पण त्यांची पाळी नंतर येते. एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलचे दोन नग शेजारी उभे करून ६० पटीला पाहिले, तर एकात पिसांच्या कडा कोरल्यासारख्या दिसतात आणि दुसऱ्यात कितीही फोकस फिरवला तरी प्रतिमा मऊच राहते, असं होऊ शकतं. दुर्बिणीच्या ८ किंवा १० पटीला असे दोष झाकले जातात. स्कोपच्या ५०-६० पटीला ते उघडे पडतात. म्हणून या लेखात मॉडेलांच्या यादीपेक्षा हातात आलेला नग तपासायचा कसा यावर जास्त भर आहे. त्याआधी आपल्याला नेमकं काय हवंय हे ठरवणाऱ्या काही पायऱ्या आहेत.

पहिली पायरी: स्कोप कुठे वापरणार?

दाट झाडीत फिरणाऱ्याला स्कोपचा फारसा उपयोग नाही. पानांआड सतत जागा बदलणाऱ्या वटवट्यावर स्कोप रोखून फोकस करेपर्यंत तो दोन झाडं पुढे गेलेला असतो. तिथे ८x४२ची चांगली दुर्बीणच कामाची. स्कोप लागतो तो उघड्यावर: तलाव, खाडीचा चिखलपट्टा, समुद्रकिनारा, माळरान, कडेकपारी. पक्षी लांब आहे, फार हलत नाही आणि जवळ गेलं तर उडणार आहे, अशा ठिकाणी त्याला पर्याय नाही.

हिशेब सोपा आहे. १२० मीटरवरचा पक्षी १० पटीच्या दुर्बिणीतून १२ मीटरवर असल्यासारखा दिसतो, ६० पटीच्या स्कोपमधून २ मीटरवर. छोटा टिलवा आणि टेमिंकचा टिलवा एकाच चिखलात टिपत असले, तर ओळख बऱ्याचदा पायांवर येऊन ठेपते. छोट्याचे पाय काळे, टेमिंकचे पिवळसर. दुर्बिणीतून दोघेही करडे ठिपके. स्कोपमधून पाय दिसतात खरे, पण त्यांना चिखल माखलेला असला की सगळेच काळे, आणि मग तो पाण्यातून चार पावलं चालेपर्यंत वाट बघायची.

दुसरं मोठं काम म्हणजे अभ्यासकांनी ओळखीसाठी पक्ष्यांच्या पायांत घातलेली रंगीत कडी आणि पट्ट्या वाचणं. २००७ मध्ये अलास्काहून न्यूझीलंडपर्यंत साडेअकरा हजार किलोमीटरहून जास्त अंतर न थांबता उडालेली बार-टेल्ड गॉडविट या लांब चोचीच्या किनारी पक्ष्याची मादी ‘ई७’ या नावाने प्रसिद्ध झाली. ‘ई७’ ही तिच्या पायातल्या पट्टीवरची खूण. तिचा मार्ग उपग्रहामुळे कळला, पण अंगावर ट्रान्समीटर नसलेल्या असंख्य पक्ष्यांचा ठावठिकाणा कोणीतरी कुठल्यातरी किनाऱ्यावर स्कोप लावून पट्टी वाचतं तेव्हाच लागतो. तुम्हाला असल्या कामात रस असेल तर पुढचे बरेच निर्णय आपोआप मोठ्या भिंगाकडे झुकतील.

दुसरी पायरी: पुढचं भिंग किती मोठं?

स्कोपच्या नावातला शेवटचा आकडा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. २५–६०x८५ म्हणजे झूम २५ ते ६० पट आणि भिंग ८५ मिमी. बाजारात साधारण चार गट दिसतात: ५०–५६, ६०–६८, ७७–८८ आणि ९५ किंवा त्याहून मोठे.

प्रकाश भिंगाच्या क्षेत्रफळावर ठरतो, त्यामुळे ८५ मिमीचं भिंग ६५ मिमीपेक्षा सुमारे ७० टक्के जास्त प्रकाश गोळा करतं. याशिवाय तपशील वेगळा दाखवण्याची क्षमताही व्यासाबरोबर वाढते. १९व्या शतकातले इंग्रज खगोलनिरीक्षक विल्यम डॉझ यांचा नियम अजून वापरात आहे: ११६ला भिंगाच्या मिलिमीटरमधल्या व्यासाने भागलं की किती सेकंदांच्या (सेकंद म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) कोनापर्यंतचा तपशील सुटा दिसेल ते मिळतं. त्यावरून १०० मीटरवर ६५ मिमीच्या स्कोपची सैद्धांतिक मर्यादा सुमारे ०.९ मिमी येते, ८५ मिमीची सुमारे ०.७ मिमी. पायातल्या पट्टीवरच्या अक्षरांच्या रेषा बारीक असतात, हे लक्षात घेतलं की हा फरक कागदापुरता राहत नाही. अर्थात ही मर्यादा निर्दोष भिंगाची आहे. ढिसाळ बनवलेला ८५ मिमीचा स्कोप चांगल्या ६५ मिमीच्या स्कोपपुढे हमखास हरतो.

मोठ्या भिंगाची किंमत खिशाबरोबर खांद्यालाही मोजावी लागते. आयपीस (डोळा लावायचा मागचा भिंगाचा भाग) धरून ५०–५६ गटातले स्कोप बहुतेक किलोच्या आत-बाहेर असतात, ६५चे सव्वा ते दीड किलोच्या आसपास, ८५चे दोन किलोच्या घरात. आणि जड स्कोपला ट्रायपॉडही जड लागतो, म्हणजे वजन दोन्हीकडून वाढतं. गाडीपासून शंभर पावलांवर उभं राहायचं असेल तर ८५ किंवा ९५ बिनधास्त घ्या. दिवसभर पायी फिरायचं असेल, विमानाने प्रवास करायचा असेल तर ६५. आणि "स्कोप आहे, पण जड म्हणून घरीच राहतो" अशी वेळ येणार असेल तर ५०–५६ गटातला छोटा स्कोप सर्वांत शहाणपणाचा. कोवाचा टीएसएन-५५३ (१५–४५ पट, ५५ मिमी) किंवा स्वारोव्स्कीचा एटीसी (१७–४० पट, ५६ मिमी) याच विचारातून आले आहेत. संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात ते मोठ्या भावंडांची बरोबरी करणार नाहीत, पण सोबत असतील.

माझं मत विचाराल तर पहिला आणि एकमेव स्कोप घेणाऱ्याने ६५ ते ८० मिमीच्या पट्ट्यात राहावं. ९५च्या पुढचे स्कोप ज्यांना कशासाठी हवेत हे नेमकं माहीत आहे, त्यांच्यासाठी आहेत.

तिसरी पायरी: पटींचा मोह आणि आयपीस

डब्यावर मोठ्या अक्षरात ‘७५x’ किंवा ‘१००x’ छापलेला स्वस्त स्कोप दिसला तर तो जिथे आहे तिथेच ठेवा. पट वाढवली की प्रतिमा मोठी होते, पण तेवढाच प्रकाश जास्त जागेवर पसरतो. भिंगाचा व्यास भागिले पट, म्हणजे एक्झिट प्युपिल: आयपीसमधून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी. ८५ मिमीच्या स्कोपला ३० पटीवर ती २.८ मिमी, ६० पटीवर १.४ मिमी. म्हणजे पट दुप्पट केली की प्रतिमा चौपट अंधुक. दिवसा आपल्या डोळ्याची बाहुली साधारण २ ते ३ मिमी उघडी असते, त्यामुळे ३० पटीला सगळं सुखाचं वाटतं. ६५ मिमीच्या स्कोपला ६० पटीवर एक्झिट प्युपिल जेमतेम १ मिमी उरते. इतक्या बारीक झोतात आपल्याच डोळ्यातले तरंगणारे धागे आणि ठिपके दिसायला लागतात, आणि डोळा किंचित हलला की चित्र गायब.

प्रत्यक्ष वापरात बहुतेक वेळ स्कोप २५ ते ४० पटीतच असतो. त्याच्या वर जायचं ते कडी वाचायला किंवा एखाद्या पिसाची खात्री करायला, तेही हवा स्वच्छ असेल तर. म्हणून स्कोप जोखताना ३० पटीचं चित्र सर्वांत महत्त्वाचं. ६० पटीचं चित्र मी भिंगाची परीक्षा म्हणून बघतो.

झूम आयपीसची एक खोड आहे. आपल्याला वाटतं सगळ्यात कमी पटीला दृश्य भरपूर रुंद असेल. पण साध्या २०–६० झूममध्ये २० पटीला दृश्य नळीतून बघितल्यासारखं अरुंद असतं: साधारण २ अंश, म्हणजे १,००० मीटरवर ३५ मीटरची पट्टी. याउलट ३० पटीच्या चांगल्या रुंदकोनी स्थिर आयपीसमधून त्याच अंतरावर ४० मीटरच्या आसपास दिसतं. पट जास्त आणि रुंदीही जास्त! थव्यातून एकेक पक्षी चाळत जाणाऱ्याला हा आयपीस वापरला की झूम नकोसा होतो. उंची झूम आयपीसमध्ये ही अडचण बरीच कमी झाली आहे. लायकाने एपीओ-टेलेव्हिडसाठी २५–५० पटीवरच थांबून रुंदी राखली, हा निर्णय मला पटतो. आयपीस बदलता येतो की नाही, हेही आधी बघा. काही स्कोपला तो कायमचा जोडलेला असतो, काहींना फक्त त्याच कंपनीचा चालतो, तर सेलेस्ट्रॉनच्या रीगल एम२सारख्या काहींना खगोल दुर्बिणीचे सव्वा इंची आयपीस बसतात.

चष्मेवाल्यांनी इथे थांबून नीट बघावं. आयपीसपासून डोळा किती लांब ठेवून पूर्ण दृश्य दिसतं ते अंतर म्हणजे आय रिलीफ. चष्म्याला किमान १५ मिमी लागतं, १७-१८ असेल तर आराम. छापील आकड्यावर विसंबू नका, कारण कित्येक झूममध्ये पट बदलताना हे अंतरही बदलतं. आयकप (आयपीसभोवतीची, डोळा टेकवायची कड) पूर्ण आत फिरवा, चष्मा लावूनच डोळा टेकवा, आणि झूमच्या दोन्ही टोकांना दृश्याची गोल काळी कड सगळीकडून दिसते का पाहा. एका टोकाला दिसते आणि दुसऱ्याला कापली जाते, असं असेल तर तो आयपीस तुमच्यासाठी नाही.

दोन्ही डोळ्यांनी बघायची सोयही आता आहे. स्वारोव्स्कीचा बीटीएक्स ६५ आणि ८५ मिमीच्या भिंगांवर ३० पट देतो. तासन्‌तास समुद्र न्याहाळणाऱ्यांना त्याने मोठा आराम मिळतो, मात्र झूम जातो आणि वजन वाढतं.

चौथी पायरी: ईडी, एचडी, एपीओ, फ्लोराइट

साध्या काचेत वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश एकाच बिंदूवर येत नाही. त्यामुळे उजळ आभाळासमोरच्या काळ्या पक्ष्याच्या कडेला जांभळी किंवा हिरवी झालर दिसते. ६० पटीला ही झालर नुसती दिसायला वाईट नसते, ती बारीक तपशील खाऊन टाकते. यावर उपाय म्हणजे प्रकाशाचे रंग कमी फाकवणारी ईडी (एक्स्ट्रा-लो डिस्पर्शन) काच, किंवा त्याहून सरस फ्लोराइट, म्हणजे कॅल्शियम फ्लोराइडचा स्फटिक. कोवाच्या प्रोमिनार मालिकेतल्या टीएसएन-८८३ आणि टीएसएन-९९ मध्ये तो वापरला आहे.

‘एचडी’ हे अक्षर मात्र कशाचीच हमी देत नाही. प्रत्येक कंपनी ते आपल्या सोयीने लावते. ‘एपीओ’चंही (अपोक्रोमॅटिक, म्हणजे रंगझालर जवळजवळ घालवणारं भिंग) थोडंफार तसंच. ईडी काच आहे एवढ्यावर भाळू नका, कारण त्या काचेला घासून अचूक आकार दिला नसेल तर तिचा उपयोग नाही. पण २०–६० पटीच्या स्कोपमध्ये ईडी नाहीच, असं असेल तर मी तो घेणार नाही. पैसे कमी असतील तर ईडी नसलेल्या ८० मिमीपेक्षा ईडी असलेला ६० मिमी बरा.

पाचवी पायरी: वाकडा की सरळ?

आयपीस ४५ अंशात वर वळवलेला तो वाकडा स्कोप, नळीच्या रेषेतच असलेला तो सरळ. वाकड्याचे फायदे जास्त आहेत. ट्रायपॉड छातीच्या खालीच ठेवता येतो, त्यामुळे वाऱ्यात कमी हलतो आणि ट्रायपॉड हलका चालतो. वेगवेगळ्या उंचीच्या चारजणांना पाळीपाळीने बघता येतं. उंच घिरट्या घालणारा शिकारी पक्षी बघताना मान मोडत नाही. बहुतेक वाकडे स्कोप नळीभोवतीची कॉलर सैल करून कुशीवर फिरवता येतात, म्हणजे बसून बाजूने बघणंही जमतं.

सरळ स्कोप जिंकतो तो तीन ठिकाणी: गाडीच्या खिडकीवर क्लॅम्प लावून, लपणीच्या बुटक्या झरोक्यातून, आणि कड्यावरून खाली बघताना. शिवाय नवख्याला सरळ स्कोपने पक्षी लवकर सापडतो, कारण डोळा आणि नळी एकाच दिशेला असतात. वाकड्यावरही हा प्रश्न सुटतो. प्लास्टिकचा एक केबल टाय पुढच्या हूडभोवती (भिंगावर सावली धरणारी पुढची नळी) आवळा, त्याचं टोक बोटभर कापून वर उभं ठेवा, आणि तसाच दुसरा नळीच्या मागच्या भागावर लावा. वरून दोन्ही टोकं आणि पक्षी एका रेषेत आणले की २५ पटीला पक्षी दृश्यात असतोच. कंपन्या यासाठी निशाण्याच्या नळ्या देतात. केबल टाय त्यांच्याइतकाच चांगला चालतो.

सहावी पायरी: ट्रायपॉड उरलेल्या पैशात घेऊ नका

सगळे पैसे स्कोपला आणि ट्रायपॉड घरात पडलेला कसलाही, हे फार दिसतं. ६० पटीला प्रतिमेबरोबर कंपनंही ६० पट मोठी होतात. डळमळत्या ट्रायपॉडवर सर्वोत्तम स्कोपही सामान्य स्कोपसारखा दिसतो. एकूण बजेटचा पाचवा हिस्सा तरी ट्रायपॉड आणि हेडसाठी (स्कोप बसवायचा वरचा फिरता भाग) बाजूला काढा. जमलं तर चौथा.

पाय उघडल्यावर मधला दांडा वर न काढताच आयपीस तुमच्या डोळ्याजवळ आला पाहिजे. तो दांडा म्हणजे ट्रायपॉडवर उभा केलेला एकच पाय, वर काढला की सगळं डोलतं. उंची कमी करायची असेल तेव्हा सर्वांत खालचे बारीक भाग आत ठेवा. कार्बन फायबर ॲल्युमिनियमपेक्षा हलका असतो आणि कंपनंही लवकर जिरवतो. परवडत असेल तर घ्यावा, पण हलक्या कार्बनपेक्षा दणकट ॲल्युमिनियम बरा.

हेडच्या बाबतीत मात्र तडजोड नको. फोटोग्राफीचा, गोळ्यावर सगळीकडे फिरणारा बॉलहेड स्कोपला गैरसोयीचा, सैल केला की स्कोप तोंडघशी पडतो. आडवा आणि उभा असा दोनच दिशांना संथ फिरणारा, लांब दांड्याचा फ्लुइड हेड हवा. लांब प्लेट लावून स्कोप पुढेमागे सरकवा आणि असा तोलून बसवा, की दांडा सोडला तरी तो जागेवर राहील. मग ६० पटीला एका पायावर बोटाने टिचकी मारा आणि प्रतिमा किती वेळ थरथरते ते बघा. सेकंदभरात शांत झाली तर उत्तम, दोन-तीन सेकंद थरथरत राहिली तर वाऱ्याच्या दिवशी तो ट्रायपॉड निरुपयोगी.

सातवी पायरी: हातातला नग तपासणे

घाई न करण्याची जागा ही. शक्य असेल तर दोन-तीन नग मागून घ्या आणि उत्तम ठरेल तोच नग घ्या, त्याच मॉडेलचा सीलबंद दुसरा नको. ऑनलाइन घेणार असाल तर परत करण्याची मुदत आधी बघा आणि तपासणी त्या मुदतीतच उरका.

आधी परिस्थिती. काचेच्या खिडकीतून तपासू नका, साधी काच ३० पटीलाच प्रतिमा बिघडवते. दुकानाच्या थंड हवेतून बाहेर आणलेला स्कोप लगेच जोखू नका. नळीतली हवा आणि काच बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत प्रतिमा लवलवत राहते. मोठ्या स्कोपला अर्धा तास द्या. भर दुपार टाळा, तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेत कुठलाच स्कोप ६० पटीला धड दिसत नाही, आणि चांगला नग विनाकारण नापास होतो. सकाळ किंवा ढगाळ दिवस घ्या, खूण २५ ते ५० मीटरवर ठेवा.

पहिली परीक्षा बारीक छपाईची. एखादी चलनी नोट किंवा औषधाच्या खोक्यावरचा मजकूर सपाट भिंतीवर चिकटवा. ३० पटीला कुठपर्यंतच्या ओळी वाचता येतात ते लिहून ठेवा. मग हळूहळू झूम वाढवत ६० पर्यंत जा. चांगल्या नगात पट वाढेल तसा नवा तपशील दिसत जातो. वाईट नगात ४०-४५ नंतर तेच तपशील नुसते मोठे आणि मऊ होतात. याच वेळी बोटांकडे लक्ष द्या. ६० पटीला फोकस ‘टक्कन’ एका जागी बसतो का? की पुढेमागे, पुढेमागे करत "आता बरं दिसतंय बहुतेक" असं म्हणावं लागतं? असं चाचपडावं लागणं हीच नापासाची खूण. झूम बदलल्यावर फोकस किंचित हलला तर चालतं, फार हलायला नको.

दुसरी परीक्षा कृत्रिम ताऱ्याची. ही थोडी किचकट आहे, पण भिंगाबद्दल इतकं खरं सांगणारं दुसरं काही नाही. ॲल्युमिनियमच्या फॉइलला सुईच्या टोकाने अगदी बारीक भोक पाडा, ते विजेरीवर ताणून बसवा, आणि विजेरी अंधाऱ्या जागी ३०-४० मीटरवर ठेवा. दिवसा लांबच्या चकचकीत धातूच्या गोळीवर चमकणारा उन्हाचा ठिपकाही चालतो. सूर्याकडे मात्र स्कोप चुकूनही वळवू नका, क्षणभरात डोळा कायमचा जाईल. सर्वांत जास्त पटीला ठिपका फोकस करा, मग फोकस थोडासा एका बाजूला बिघडवा आणि नंतर तितकाच दुसऱ्या बाजूला. ठिपक्याची एकात एक अशी गोल वलयं दिसली पाहिजेत, आणि दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखी.

वलयं लंबगोल असतील आणि फोकसच्या दुसऱ्या बाजूला गेल्यावर लंबगोल ९० अंशांत फिरत असेल, तर तो ॲस्टिग्मॅटिझम. आधी स्वतःची मान वाकडी करून बघा: मानेबरोबर लंबगोल फिरला तर दोष तुमच्या डोळ्यात आहे, नाही फिरला तर स्कोपमध्ये. वलयं त्रिकोणी दिसली तर भिंग कडीत जास्त आवळून बसलंय. एका बाजूला सरकलेली किंवा धूमकेतूसारखी शेपटी असलेली दिसली तर भिंगं एका रेषेत नाहीत. एका बाजूला वलयं स्वच्छ आणि दुसऱ्या बाजूला नुसता धुरकट गोळा, असा मोठा फरक असेल तर भिंगाचा आकार चुकलाय. ठिपक्यातून आरपार एक रेघ जात असेल तर संशय प्रिझमवर घ्या. अगदी निर्दोष नग मिळणं कठीण, थोडाफार फरक महागड्या स्कोपमध्येही दिसतो. पण लंबगोल आणि त्रिकोण ठळक असतील, तर नाव कितीही मोठं असो, नग परत करा.

तिसरी परीक्षा रंगझालरीची. उजळ आभाळासमोरची काळी तार किंवा वठलेली फांदी बघा. डोळा आयपीसच्या बरोबर मध्यावर असला पाहिजे, तो सरकला तरी खोटी झालर दिसते. मध्यभागी झालर नसावी. कडेला थोडी असली तर मनावर घेऊ नका, पक्षी तुम्ही मध्येच आणून बघणार आहात.

शेवटी, सूर्य पुढे एका बाजूला असताना सावलीतली जागा बघा. दृश्यावर पांढुरकी धूसर साय आली तर नळीच्या आतल्या काळ्या रंगात किंवा काचेवरच्या कोटिंगमध्ये कसर केलेली आहे. पाणपक्षी बघणाऱ्याला चकाकत्या पाण्यासमोर हा दोष फार छळतो.

उरलेल्या गोष्टी झटपट

फोकसची रचना तीन तऱ्हांची असते: नळीभोवतीची रुंद कडी, एकच चाक, किंवा जलद आणि संथ अशी दोन चाकं. कडी हातमोजे घालूनही फिरते, दोन चाकांनी बारीक फोकस नेमका बसतो. सवयीचा भाग आहे, कशासाठी अडून बसू नका. स्कोप जलरोधक आणि आत नायट्रोजन किंवा आर्गॉन भरलेला हवा, नाहीतर दमट हवेत काच आतून धुरकटते. वॉरंटी किती वर्षांची याच्याइतकंच दुरुस्ती कुठे होते हे विचारा.

फोनने फोटो काढायचे असतील तर तुमच्या आयपीसच्या बाहेरच्या व्यासाला घट्ट बसणारा अडॅप्टर मिळतो का, ते आधीच बघा. स्कोपच्या आयपीसला डिजिटल कॅमेरा लावून पक्ष्यांचे फोटो काढण्याची वाट १९९९ मध्ये मलेशियाचे पक्षीनिरीक्षक लॉरेन्स पो यांनी लोकप्रिय केली. आता फोनने ते काम फारच सोपं केलंय. फोनची मुख्य लेन्स वापरा, स्कोप २५-३० पटीवरच ठेवा, काळी कड जाईल इतपतच फोनचा झूम वाढवा, आणि बटण न दाबता टायमर लावा.

वापरलेला स्कोप घेताना

चांगल्या ईडी स्कोपचं आयुष्य मोठं असतं, त्यामुळे नव्या मध्यम स्कोपच्या पैशात जुना उत्तम स्कोप मिळत असेल तर मी जुन्याकडे वळेन. सातव्या पायरीतल्या सगळ्या परीक्षा त्यालाही लावा, आणि वर आणखी थोड्या. पुढच्या भिंगातून आत विजेरी मारून आयपीसकडून तिरपं बघा: कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी, सगळीकडे सारखी धुरकट साय म्हणजे आत गेलेला ओलावा किंवा वंगणाची वाफ. भिंगाच्या कडेला इंद्रधनुषी डाग असेल तर चिकटवलेली भिंगं सुटायला लागली आहेत. या तिन्हींपैकी काहीही दिसलं तर सोडून द्या. पुढच्या काचेवर एखाददुसरा बारीक ओरखडा असला तर प्रतिमेत तो दिसतही नाही, किंमत कमी करून घ्यायला उपयोगी पडतो. हूडच्या कडेला पोचा असेल तर स्कोप पडलेला आहे, ताऱ्याची परीक्षा दुप्पट काळजीने करा. स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या असतील तर कोणीतरी तो उघडलाय.

घरी आणल्यावर काचेवरची धूळ आधी फुग्याने उडवा, मग मऊ ब्रशने झटका, आणि त्यानंतरच लेन्सच्या कापडाने पुसा. थेट कापड फिरवलं तर धुळीचे कणच कोटिंग खरवडतात. समुद्रावरून आल्यावर मिठाचे शिंतोडे ओल्या कापडाने टिपून घ्या. दमट हवामानात स्कोप पिशवीत बंद करून महिनोन्‌महिने ठेवू नका. सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या हवाबंद डब्यात ठेवा, आणि पुड्या वेळच्या वेळी बदला.